निळ्या बल्बाचा कौल

मालवणात एकदा मी क्रिकेटच्या सामन्यांना दिवे लावले होते. असे लावले की पलीकडच्या वाडीतले कोंबडे दुसरी इनिंग संपायच्या आत आरवले आणि तिकडे तळेऱ्याच्या फाट्यावर थांबलेल्या ट्रकवाल्यांनी उजाडलं समजून चहा सांगितला. तळेरं मालवणपासून किती लांब ते नकाशात बघू नका. उजेड नकाशा बघून जात नाही.

मी दाजी. शिरोड्याच्या बाजारात माझं दिव्यांचं दुकान. जत्रा, दशावतारी नाटकं, लग्नाचे मांडव, गणपती, सामने; या भागात असा कार्यक्रम झालेला नाही की जिथं माझी वायर कुणाच्या तरी पायात आली नाही. आता मुलगा दुकान बघतो आणि मी दुकानासमोर बाकड्यावर बसून मुलाला बघतो. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असा निरोप आला तेव्हा आमची सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "खरा तेवढाच लिवा."

मी म्हटलं, "मगे पोस्टकार्डच पुरतला."

तर खरं आणि वरचं थोडं असं धरून चला.

धंद्यात माझा जीव जडला तो मेटल हॅलाइडच्या दिव्यावर. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. काचेच्या नळीत आणखी एक बारकी नळी, तिच्यात पाऱ्याचा थेंब आणि कसले कसले क्षार. सोबतीला विटेएवढा जड चोक. वीज आत गेली की ते क्षार तापून असे उजळतात की उघड्या डोळ्यांनी बघायची सोय नाही. एलईडी आला आणि हे दिवे भंगारात गेले. कमी बिल, कमी उष्णता, कमी वजन, सगळंच कमी. मी कुणाला दोष देत नाही. पण मेटल हॅलाइडचा उजेड एका टिंबातून निघतो, सूर्यासारखा. पाण्यावर सोडला की खालच्या वाळूवर उन्हाची जाळी हलायला लागते. भर दुपारी होडीतून उथळ पाण्यात वाकून बघितलं तर जी दिसते, तीच. एलईडीच्या पट्टीत शंभर टिंबं असतात. ती जाळी विणण्याआधीच आपसात भांडतात.

या जाळीपायी मी माशांच्या टाक्यांच्या नादाला लागलो. पहिलं गिऱ्हाईक मालवणकडचा एक हॉटेलवाला. त्याला जेवणाच्या खोलीत समुद्राच्या पाण्याची टाकी हवी होती, पर्यटकांनी बघत बघत जेवावं म्हणून. मी आपला क्रिकेटचाच दिवा नेऊन टाकीवर टांगला. सूर्य तो सूर्य, त्यात मैदानाचा आणि टाकीचा असा भेद कशाला. दुपारपर्यंत पाण्यावर वाफ धरली. मासे सगळे एका बुडबुड्याच्या सावलीत रांग लावून उभे. हॉटेलवाला आला, बोट बुडवून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "दाजी, हे पाळूक ठेवले की उकडूक?"

मासे वाचले. मी मात्र त्या दिवसापासून शिकायला लागलो.

शिकलो ते असं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. पण त्याच्या अंगात बारीक शेवाळ भाड्यानं राहतं आणि भाडं म्हणून उजेडावर स्वयंपाक करून घरमालकाला वाढतं. उजेड कमी पडला की चूल विझली. म्हणजे प्रवाळाच्या टाकीवर दिवा लावणारा माणूस हा खरा आचारी. आणि उजेडाला जात असते. ती केल्विनमध्ये मोजतात. क्रिकेटचा दिवा चार-पाच हजारांचा, त्याच्याखाली प्रवाळाआधी नको ते शेवाळ माजतं. दहा हजारांचा म्हणजे पांढरं लख्ख ऊन. प्रवाळ त्यात पोटभर जेवतं, पण दिसायला साधं. चौदा हजारांचा जरा निळसर. आणि वीस हजारांचा म्हणजे निळाशार, खोल पाण्यातला. त्यात रंग असे पेटतात की बघणाऱ्याची भूक भागते, पण प्रवाळाच्या ताटात कमी पडतं. बल्ब निवडायचा म्हणजे एवढंच ठरवायचं, कुणाचं पोट भरायचं. बघणाऱ्याचं की बघितलं जातंय त्याचं.

हे मी इतक्या थाटात सांगायचो की लोकांना वाटायचं मी समुद्राच्या तळाशी वायरिंग करून आलोय. मीही फारसं नाही म्हणत नसे.

आता नानांकडे येतो.

नाना आरोंद्याचे. दशावतारातले स्त्रीपार्टी, राणीच्या कामांसाठी गाजलेले. नाना राणी होऊन दरबाराच्या बाकड्यावर बसले की पुढच्या रांगेतल्या बायका नकळत आपापले पदर सारखे करायच्या. त्यांच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा माईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, मावशी आधी नाटक बघून आली आणि घरी जाऊन म्हणाली, "मुलगो बरो आसा. पण आमचा चेडू त्येच्या बाजूक उभा ऱ्हवला तर दिसाचा नाय." चेडू म्हणजे मुलगी. तरी लग्न झालं. मूलबाळ झालं नाही. नानांच्या तोंडावर पेट्रोमॅक्सपासून हॅलोजनपर्यंत सगळे उजेड मीच टाकले, त्यामुळे आमचं नातं सख्ख्यापेक्षा जवळचं. ते मला शिव्या द्यायचे आणि मी त्या मोजून घ्यायचो.

नानांनी कायमचा रंग उतरवला आणि त्याच सुमाराला माईंचा भाचा मुंबईतलं माशांचं दुकान बंद करून आखातात गेला. जाताना एक टाकी आणि तिच्यातलं एक मऊ प्रवाळ माईंकडे ठेवून गेला. दगडी प्रवाळ घरात पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. हे मऊ जातीचं होतं, छत्रीसारखं, छत्रीवर हिरवट मोरपिशी बोटं. उजेड लागला की बोटं उघडून झुलायची, अंधारात सगळी आत घ्यायची. माईंनी त्या प्रवाळाचं नाव ठेवलं बावली, म्हणजे बाहुली. सकाळी देवपूजा, मग बावली, मग नाना, असा त्यांचा क्रम. नाना म्हणायचे, "राणीची कामा केलंय जल्मभर, शेवटाक दासी झालंय."

पाणी मी न्यायचो. आरोंद्याची खाडी दारात, पण पावसात ती गोडी होते, बावलीला चालत नाही. म्हणून शिरोड्याच्या होडीवाल्याकडून भर समुद्रातलं पाणी कॅनमध्ये भरून घ्यायचं. बावली आमच्या सगळ्यांपेक्षा तोऱ्यात होती.

बरीच वर्षं दहा हजारांच्या बल्बावर तिचं छान चाललं. मग एके दिवशी नानांचा फोन. "दाजी, बावली पिवळी पडली."

गेलो. मला काही ती पिवळी वाटेना. पण माई म्हणाल्या, "कसली मोरपिशी होती रे. आता हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी दिसता."

मी मान डोलावली. मेटल हॅलाइडचा बल्ब जुना झाला की उजेडाचा रंग बदलतो, हे धंद्यातलं सत्य. तसं मी व्याख्यानच दिलं आणि नवा बल्ब चढवला. नवा बल्ब जोरकस असतो, एकदम जवळ टांगला तर प्रवाळ भाजतं, म्हणून उंच टांगून रोज थोडा थोडा खाली आणायचा. नाना स्टुलावर चढून साखळीची कडी कडी उतरवत होते, अगदी पाळणा हलवावा तसे.

माई म्हणाल्या, "पिवळीच."

मग चौदा हजारांचा लावला. माई काचेपाशी बराच वेळ बसल्या. "जरा बरी," म्हणाल्या, पण ते मला बरं वाटावं म्हणून. पुढच्या वेळी पाणी घेऊन गेलो तेव्हा नाना मला पडवीत ओढून म्हणाले, "वीस हजाराचो आण."

"नानानू, त्यात बावली उपाशी ऱ्हवात."

"तिका बावली निळी दिसाक होयी."

"निळी दिसात, पण मरात."

"मेल्या, तू उजेडवालो की यमाचो कारकून? आण म्हटलंय ना."

आणला. आता वीस हजारांचे बल्ब इथं कुणी ठेवत नाही, आखातातल्या भाच्यानंच कुणाबरोबर तरी पाठवले. तो बल्ब पेटला आणि सगळी खोली निळी झाली. पडवीतून बघितलं तर घरात समुद्र शिरल्यासारखं. मांजर दारातून आत यायला तयार नाही. मला पक्कं वाटलं, आता तरी जमलं.

बावली हळूहळू मिटायला लागली. आधी कडेची बोटं आत गेली, मग मधली. छत्री आक्रसून लिंबाएवढी झाली. मी पाण्याचा कॅन उतरवत होतो आणि आतून माईंचा आवाज आला, "अवो, उघडली काय?"

"उघडली," नाना म्हणाले.

मी दारातून बघितलं. बावली घट्ट मिटलेली. माई काचेपासून वीतभर अंतरावर. आणि नाना त्यांच्या शेजारी उभे राहून, राणी नवस बोलते त्या गोड आवाजात सांगताहेत, "बरी उघडली. हात हालवता तुका."

"पण पिवळी मा?"

"नाय गो. निळी."

तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला. मी बल्बाचाच विचार करत घरी आलो. ज्याच्याकडे दिव्याचं दुकान, त्याला सगळे रोग दिव्याचेच दिसतात.

शेवटी माईच म्हणाल्या, देवाक विचारूया.

आमच्याकडे लग्न, जमीन, गाय हरवणं, काहीही असो, ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. प्रवाळाच्या बल्बासाठी कौल मागितल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही. जगात कुठंही झालं नसेल. झालं असेल तर आरोंद्याच्याच माणसानं मागितला असेल.

गुरव नानांच्याच वयाचे, तरुणपणी त्याच मेळ्यात पखवाज वाजवायचे. त्यांनी आधी नीट विचारून घेतलं. "नाव काय बल्बाचा?"

"वीस हजार केल्विन," मी म्हटलं.

"केल्विन खंयचो? गोव्याचो?"

"गोव्याचो नाय, गुरवानू. ता माप."

"माप ना? मगे हरकत नाय." आणि त्यांनी खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे इली हत. तेंच्या घरात पाण्यातली जी काय बावली आसा, तिच्यावर वीस हजार केल्विनाचो जो काय दिवो लावलो हा, तो तुका मान्य असात तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

डावी पाकळी पडली.

चौदा हजारांचं गाऱ्हाणं घातलं. डावी. दहा हजारांचं घातलं. पुन्हा डावी. नाना माझ्याकडे असे बघायला लागले जसा काही देव मीच पढवून ठेवलाय. मी हळूच म्हटलं, "देवाक एलईडी होयो दिसता."

"गप ऱ्हव," गुरव म्हणाले. ते पाषाणाकडे बघत राहिले आणि मग आमच्याकडे वळले. "देव म्हणता दोष बल्बात नाय. खंय आसा तो तुमीच शोधा."

बाहेर सभामंडपाच्या पायरीवर आलो. दुपारचं रणरणतं ऊन. गुरवांनी प्रसाद म्हणून उरलेली फुलं ताटात घालून माईंच्या पुढे धरली. माईंनी एक उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि सहज म्हणाल्या, "आज पिवळी फुला कशी घेतलास? तगर गावली नाय?"

गुरवांनी ताटात बघितलं. मग माईंकडे. "वयनी, तगरच ती."

पांढरीशुभ्र तगर. असल्या उन्हात तर डोळ्यांत खुपावी अशी पांढरी.

माईंनी फूल पुन्हा ताटात ठेवलं, ठेवताना बोटांनी आधी ताटाची कड चाचपली. ते चाचपणं मी घरात शंभरदा पाहिलं होतं. कपाची कड, दाराची कड, टाकीची कड. मला वाटायचं वय झालं, सावकाश करतात.

"माई," मी म्हटलं, "माझी कपाळपट्टी कसली दिसता?"

"पिवळी. माका सगळ्यांचीच दिसता. वाटायचा, लोका कमी जेवतत."

सावंतवाडीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून तपकिरी झालेले. अशा मोतीबिंदूतून निळा रंग आतच शिरत नाही, म्हणाले. म्हणजे मी इकडे निळ्यात निळं ओततोय आणि तिकडे दारच बंद. ऑपरेशन साधं आहे, एकेक डोळा करू, लवकर या.

मी त्याच दिवशी जाऊन बावलीवर पुन्हा दहा हजारांचा बल्ब चढवला, उंच टांगून. माई खुशीत होत्या. "आता माका खरी बावली दिसतली," म्हणाल्या. पण नाना तारीख घेईनात. आज अवस आहे, उद्या सुपारीवर फवारणी आहे, परवा कुणाचं बारसं आहे. माईंना वाटलं, खर्चाला भितात. मला वाटलं, ऑपरेशनला भितात.

मग एक दिवस नाना माझ्या दुकानात आले. मुलाला चहा सांगायला पिटाळलं आणि फळीवरचे बल्ब उगाच हाताळत उभे राहिले.

"दाजी, माणसाच्या तोंडाक खयचो उजेड बरो?"

"कोणाच्या तोंडाक?"

"असाच विचारतंय."

"नानानू, गेली चाळीस वर्षा तुमच्या तोंडार उजेड टाकतंय. असाच कोण विचारीत नाय."

ते बाकड्यावर बसले. हातातला बल्ब उलटासुलटा करत म्हणाले, "तिणा शेवटचा माझा तोंड बघल्यान तेव्हा मी राणी होतंय."

"काय म्हणतास."

"तसाच धर. नंतर तिका धूसर धूसरच दिसत गेला. धुक्यातलो घो तिचो. माका बरा वाटायचा रे. मी आरशात बघी आणि म्हणी, बरा झाला, ह्या निदान तिका तरी दिसणा नाय." त्यांनी बल्ब फळीवर ठेवला. "आता एकदम दिसतला. गालाची पिशवी, दात नाय, भुवयो खंय गेल्यो ता देवाक ठावक. तिची मावशी म्हणाली होती ना, चेडू बाजूक दिसाचा नाय. आता मीच दिसाक नको असो झालंय."

मी आयुष्यात अनेक थापा मारल्या, पण त्या क्षणी एकही सुचेना. म्हटलं, "तारीख घेवा. उजेडाचा मी बघतंय."

तारीख घेतली. नाना मात्र सोबत गेले नाहीत. बावलीकडे कोणीतरी ऱ्हवाक होया, म्हणाले. माईंबरोबर आमची सुमन गेली. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पट्टी काढून काळा चष्मा घालून पाठवणार होते. म्हणजे नानांचं तोंड दिसणार ते घरी आल्यावरच.

त्या सकाळी आम्ही दोघांनी माजघराचा रंगमंच केला. टाकीशेजारी खुर्ची. आधी वीस हजारांचा बल्ब लावून नानांना खाली बसवलं. बुडून मेलेला माणूस दिसायला लागला.

"कसो दिसतंय?"

"उठा, नानानू. माका भय वाटता."

चौदा हजारांत बरं होतं, पण ओठ जांभळे. दहा हजारांत आंबोली घाटाची सगळी वळणं तोंडावर उमटली. मग मी नाटकातली जुनी युक्ती काढली. दिवा तोंडावर टाकायचाच नाही. नानांचा राणीचा जुना गुलाबी शालू पेटीतून काढला, भिंतीवर ताणून खिळवला, टाकीवरच्या दिव्याचा थोडा उजेड त्या शालूवर वळवला आणि तो परतून नानांच्या गालावर पडू दिला. काय सांगू. दहा वर्षं गेली तोंडावरची. वीस म्हणणार होतो, पण सुमन हे वाचणार आहे.

"हालू नकात," मी म्हटलं. "ती येयसर असेच बसा."

नाना बसले. मान किंचित डावीकडे, हात मांडीवर, अगदी राजदरबारात बसायचे तसे. पाण्यावरची जाळी अर्धी वाळूवर आणि अर्धी त्यांच्या सदऱ्यावर हलत होती. मला वाटलं, अंघोळ करून बसलेत म्हणून आज इतके उजळ दिसतात.

रिक्षा गेटात शिरली आणि लाइट गेली.

ती आमच्याकडे जातेच, त्यात नवल नाही. पण मेटल हॅलाइडची एक खोड आहे. तापलेला दिवा विझला की वीज परत आली तरी तो लगेच पेटत नाही. आधी निवांत थंड होतो, मग त्याच्या मर्जीनं उजळतो. मी दिव्याला नाही नाही ते बोललो. नाना खुर्चीत तसेच, फक्त दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरलेली. शालू आता नुसता भिंतीवरचा जुना शालू होता.

माई सुमनचा हात धरून आत आल्या. "अंदार कित्याक?"

"लाइट गेली," मी म्हटलं.

"बरा झाला. डॉक्टरान सांगितल्यान, घरात कमी उजेडात चष्मो काढलो तर चलतलो." आणि त्यांनी चष्मा काढला.

मला वाटलं होतं, आधी बावलीकडे बघतील. दहा हजारांच्या उजेडावर ती पुन्हा धरली होती, बोटं फुलवून बसली होती. पण माईंनी टाकीकडे वळून बघितलं नाही. त्या नानांकडे बघत राहिल्या. नाना जमिनीकडे.

"अवो," माई म्हणाल्या, "हय खिडकीकडे येवा."

"हय बरो आसय."

"येवा म्हटलंय ना."

नाना उठले. खिडकीतून नारळांमधून गाळलेला दिवसाचा साधा उजेड येत होता. ज्या उजेडावर माझी कसलीच सत्ता नाही, असा. माईंनी नानांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. एका डोळ्यावरच ऑपरेशन झालेलं, म्हणून मान वाकडी करून बघत होत्या. बराच वेळ बघितलं. मग एक बोट गालावरून फिरवलं आणि ते बोट डोळ्यांसमोर धरलं.

"ह्या काय?"

नानांनी तोंड बाजूला वळवायला बघितलं.

"माका वाटला डोळो अजून बरो झालो नाय, गाल पांढरो दिसता. ह्यो नाटकातलो सफेतो मा?"

"थोडोसोच लावलंय."

"नाटक खंय आसा?"

"नाय."

"मगे कोणाक दाखवक?"

नानांनी मान खाली घातली. जन्मभर दुसऱ्याच्या नवऱ्यासमोर हुबेहूब लाजून दाखवलेला माणूस. खरं लाजताना त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. सुमन माझ्या दंडाला धरून मला मागच्या दारी ओढायला लागली. मी जागचा हललो नाही.

माईंनी पदराचं टोक कोनाड्यातल्या तांब्यात बुडवलं, पिळलं आणि नानांचं कपाळ पुसायला घेतलं. कपाळ, मग नाक, मग गाल. खालून एकेक सुरकुती वर येत होती, ओहोटीला खडक उघडे पडावेत तशी. नाना डोळे मिटून उभे. नाटक करून पहाटे घरी यायचे तेव्हा उरलेला रंग माईच पुसायच्या, हे सुमननं मला मागाहून सांगितलं. मला कुठून ठाऊक असणार, मी तेव्हा वायरी गुंडाळत असायचो.

"कानामागे तर कदीच नीट लावूक येवक नाय तुमका," माई पुटपुटल्या आणि कान वाकवून मागून पुसला. मग दुसरा. मग दोन पावलं मागे सरून बघितलं.

"हां," म्हणाल्या. "आता दिसलास."

नानांनी डोळे उघडले. "म्हातारो झालंय गो."

"मगे मी काय नाटकातली आसय? माझ्याकडे बघा तरी."

त्यांनी बघितलं.

तेवढ्यात वीज आली. टाकीतला पंप घुरघुरला, चोकमध्ये गुणगुण सुरू झाली आणि थंड झालेला माझा दिवा हळूहळू उजळायला लागला. आधी मळकट, मग पांढरा, मग भिंतीवरचा शालू गुलाबी. मी मनात म्हटलं, आला बाबा एकदाचा.

माईंनी डोळ्यांवर हात धरला. नानांच्या तोंडावरची नजर न हलवता म्हणाल्या, "दाजी, ती बत्ती बंद कर रे जरा. मधीच येता."

मी बटण बंद केलं.